आधी तवा दाखवा

कमलाक्का हॉटेलात पुढच्या दाराने शिरतच नाहीत. आपण हात धुऊन खुर्ची ओढेपर्यंत त्या मागच्या दाराने भटारखान्यात पोचलेल्या असतात आणि आचाऱ्याला म्हणत असतात, "आदी तवा दाखवा."

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात आम्ही एकाच जिन्यावर राहतो. अक्का मूळच्या मोडनिंबच्या, आवाज या बांधावरून त्या बांधावर जाणारा. त्यांचे यजमान तात्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त झाले. यंत्रमागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू जात नाही म्हणून त्यांनी ते सोडून दिलं असावं. गव्हाचा कण पोटात गेला तरी आतडी बिघडतात, डॉक्टरांनी गहू जन्माचा बंद केलाय, असं अक्का आल्यागेल्याला सांगतात. तात्यांनीही बायकोसाठी गहू सोडला. यावरून आमच्या घरात मला बरंच ऐकावं लागतं.

तुम्ही म्हणाल, सोलापुरात ज्वारीला काय तोटा? मीही तेच म्हणालो होतो. मग अक्कांनी मला रिक्षात घातलं आणि दर रविवारी एकेक हॉटेल दाखवलं.

पहिल्या ठिकाणी वेटरने अदबीने विचारलं, "जैन करू का?"

"न्हाय."

"शुगर हाय?"

"शुगर न्हाय. गहू न्हाय."

"मग मैदा चालंल की."

"मैदा कुनाच्या पोटचा रं? रवा कुनाचा? शेवया कुनाच्या?"

सगळं खानदान ऐकून तो पाणी आणायला गेला, तो परत आलाच नाही.

दुसरीकडे मालक छातीला हात लावून म्हणाला, शुद्ध ज्वारी. अक्कांनी गार झालेली भाकरी हातात घेऊन वाकवली. ती निमूट वाकली. "ज्वारीची गार भाकरी तुटती. ही कशी काय वाकली?" तेव्हा आतल्या बाईने कबूल केलं, तुटू नये म्हणून ती मूठभर कणीक मिसळत होती. आणखी एका ठिकाणी भाकरी निर्मळ निघाली, तवाही चपातीच्या तव्याहून वेगळा निघाला, तर आमटीतला हिंग आडवा आला. हिंगात गव्हाचं पीठ असतं हे मला तरी कुठे माहीत होतं? मालकाने डबीवरची बारीक अक्षरं वाचली आणि तो खालीच बसला. म्हणाला, "अक्का, आता नुसतं पानीच उरलं की."

"एवढा त्रास कशाला? घरी जेवा की," असं मी एकदा बोलून गेलो.

"का म्हनून? आजारी मानसानं दार लावून जेवायचं, असं कुनी लिवून ठिवलंय? मी भाईरच जेवनार. चारचौघांत, पैशे मोजून, ताट भरून."

मला ते मनापासून पटलं. पथ्याच्या माणसाला आपण किती सहज पंगतीतून उठवतो. त्यानंतर भटारखान्यात मीही अक्कांच्या मागे जाऊन उभा राहू लागलो. अखेर एका खानावळवाल्याने हात टेकले. त्याने अक्कांसाठी वेगळा तवा खिळ्याला टांगला आणि बिनहिंगाची आमटी वेगळी काढायला लावली. त्या दिवशी अक्कांनी आचाऱ्याला आहेर करायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्याच खानावळीत मग तात्यांच्या कारखान्यातल्या मित्रांचं जेवण ठरलं. अक्कांनी मलाही ओढून नेलं. ताटं आली. तात्या शेंगाचटणीशी भाकरी खात होते, मित्रांच्या जुन्या गोष्टींवर चक्क हसत होते. त्यांचा जुना जोडीदार अंबादास चपाती मोडत म्हणाला, "वैनी, तुमच्या नखऱ्यापायी आमच्या तात्याचं तोंड बांधलं की. काय पाप केलं हुतं त्यानं?"

मला वाटलं, आता अंबादासची धडगत नाही. पण अक्का नुसत्या हसल्या. "व्हय की, लई नखरेल हाय मी," म्हणाल्या आणि तात्यांना आमटी वाढू लागल्या.

तात्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"आजार तिचा न्हाय. माजा हाय."

तात्या पुढे बोलतच राहिले, मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "मागं मी गहू नगं म्हनलो, तवा तुमीच हसला की, बाळंतिनीचं पथ्य म्हनून. मी तुमच्यात यायचंच सोडलं. घरातच बसलो. मग हिनं आजार सोताच्या नावावर करून घेतला. बाईच्या पथ्याला कोन हसत न्हाय म्हनली. हिला काय बी झालेलं न्हाय. घरात बी गहू खात न्हाय ही, माज्यापायी."

अंबादासने मान खाली घातली. तात्यांनी वेटरला हाक मारली.

"हिला एक चपाती आन. गरम."

चपाती आली. कण उडू नये म्हणून अक्कांनी आपलं ताट तात्यांच्या ताटापासून हातभर लांब सरकवलं, पाठ वळवली आणि ती चपाती सावकाश, पूर्ण खाल्ली.