नको म्हणणाऱ्या फोनला आग्रह

मी भौतिकशास्त्राची पदवीधर. नियम पाळण्यात आपला हात कोणी धरणार नाही, अशी माझी खात्री होती! वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला सहा महिने होत आले होते. आमच्या मालकीण मॅडम म्हणाल्या, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांना त्यांची वेबसाइट दाखवायची. पसंत पडली, तर तुला कायम करते."

झालं! मी सर्व्हरला मनकवडा करायचं ठरवलं. ब्राउझरने नुसतं पान मागायचं. चित्रं, रंग, अक्षरं सर्व्हरने न मागता पाठवायची! प्रोटोकॉलच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरने एकमेकांशी कसं बोलायचं त्याच्या, नियमांत तशी सोय होती. अट एकच : ब्राउझरने आधीच 'न मागता पाठवू नका' कळवलं असेल, तर पाठवायचं नाही. पण आमच्या घरी पाहुण्याने पहिल्यांदा 'नको' म्हटलं, की आई दोन डाव जास्तच वाढते! ब्राउझरही संकोचत असेल, असं समजून मी ती अट गाळली. माझ्या लॅपटॉपवर पान विजेसारखं उघडलं.

सकाळी अकराला डॉक्टरांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. पान उघडलं. कोरं!

"नेट स्लो असेल," मी म्हणाले.

"आत्ताच मुलीशी व्हिडिओवर बोललो की!"

मग मी आग्रह वाढवला. आणखी दहा चित्रं पाठवायला लावली. कोरं! सगळ्या चष्म्यांचे फोटो लावले. कोरंच!

"अहो, मला, डोळ्यांच्या डॉक्टरला, दिसत नाही," ते म्हणाले, "तर पेशंटला काय दिसणार?"

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी लॅपटॉपमागे लपले आणि सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. माझ्या जुन्या ब्राउझरने कधीच 'नको' म्हटलं नव्हतं. डॉक्टरांचा फोन मात्र दर वेळी अगदी नियमानुसार 'नको' म्हणत होता. सर्व्हर तरीही चित्र पुढे करायचा आणि फोन, तेही नियमानुसारच, संबंध तोडायचा. पुन्हा जोडायचा, पुन्हा तोडायचा. एकवीस वेळा!

मी न मागता पाठवणं बंद केलं. पान पटकन उघडलं.

"वा! काय केलंत?" डॉक्टर खूश.

"काहीच नाही," मी खरं ते सांगितलं.

वेबसाइट पसंत पडली. मी आशेने मॅडमकडे पाहिलं.

"अजून तीन महिने बघू," त्या म्हणाल्या. "तोवर रोज हेच करत जा. काहीच नाही!"

या कामाचा मला अजिबात अनुभव नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.