बारा पानांची गुलाबबाग

गुलाब म्हणजे शेवटी काय? काट्याचं झुडूप! ते आपल्या बाल्कनीत लावायला कुणाचं मार्गदर्शन, कुणाचा सल्ला आणि कुणाचे आशीर्वाद लागत नाहीत, असं मी मागच्या दिवाळीत सर्वांसमक्ष जाहीर केलं. सर्वांसमक्ष म्हणजे आमची बायको साधना, खालच्या मजल्यावरचे गुणवंतराव गुरुजी आणि गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस. साक्षीदार म्हणून एवढे पुरे.

"गुलाब तुमच्याच्यानं होत नाई, सुरेंद्रभाऊ," गुरुजी म्हणाले. "त्याले हात लागते."

हे कोण म्हणत होतं? ज्यांच्या बाल्कनीत रिटायर झाल्यापासून अकरा वर्षं सात कुंड्या आहेत आणि त्यांत शर्टाच्या बटणाएवढं फूल येतं, ते! तेही आलंच तर! मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "गुरुजी, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी माह्या बाल्कनीतला गुलाब साधनाच्या हातात राहीन. पाहून घ्या!"

आता तो रविवार का, ते सांगतो. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. दारू बंद आहे असं मी म्हटलं नाही, बंदी आहे. ती अमलात आणण्याचं काम आमच्या वॉर्डापुरतं साधनाकडे. महिला दारूबंदी समितीची ती सात वर्षांपासून अध्यक्ष. गळ्यात शिट्टी, हातात बांबूची काठी आणि मागे आठ बाया. मोहाची फुलं पाण्यात आठ दिवस ठेवली की जो आंबूस राडा होतो, त्याला सडवा म्हणतात. तो उकळला की दारू. साधनाची समिती वासावरून सडवा शोधते, नालीत ओतते, मडकी फोडते आणि फोटो काढून ग्रुपवर टाकते. वॉर्डातले भलेभले तिच्या शिट्टीला घाबरतात. मी तर घरीच राहतो!

तर या सात वर्षांच्या कामाबद्दल त्या रविवारच्या महिला मेळाव्यात साधनाचा सत्कार होणार होता. आणि बावीस वर्षांच्या संसारात मी तिला एकच गुलाब दिलेला, तोही प्लास्टिकचा! टीव्हीशेजारच्या फुलदाणीत तो उभा असतो आणि दर दिवाळीला ती स्वतःच तो साबणानं धुते. मला त्याची खरंच लाज वाटत होती. या वेळी खरं फूल द्यायचं, आपल्या हातचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

मी हातगाडीवरून तीन रोपं आणली. तीन कुंड्यांत लावली. मागच्या बाल्कनीत साधनाला प्रवेशबंदी केली, कारण फूल उमलल्यावरच एकदम दाखवायचं होतं. महिनाभर रोज पाणी घातलं आणि महिनाभरानं पानं मोजली. तिन्ही रोपांची मिळून बारा पानं. लावली तेव्हा एकोणीस होती!

आमच्या ऑफिसात इस्तारी नावाचा शिपाई आहे. धानोऱ्याकडचा, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेला. त्याला जंगलातलं, शेतातलं आणि साहेबांच्या मनातलं सगळं कळतं. मी त्याला माझं दुःख सांगितलं.

"झाडाले ताकद नाई, साहेब," तो म्हणाला. "जीवामृत द्या."

"ते कसं करतेत?"

"शेन, गोमूत्र, बेसन, गूळ अन् मूठभर माती. पान्यात कालवाचं अन् आठ दिवस ठेवाचं. आमी गुळाच्या जागी मोह टाकतो, घरचाच असते. आनून देऊ का?"

मी सगळं डायरीत नीट लिहून घेतलं. पण मी वरिष्ठ लिपिक आहे. समोर आलेल्या कागदात दुरुस्ती केल्याशिवाय तो पुढे पाठवायचा ही आमच्यात पद्धतच नाही! मी लाल पेन घेतलं. शेण, नको, फ्लॅटमध्ये वास येतो. गोमूत्र, तेच कारण. बेसन, थंडीच्या दिवसांत त्याची भजी करावी. माती, कुंडीत आहेच की! उरला मोह आणि पाणी. एवढं सगळं काटल्यावर ताकद कमी पडायला नको, म्हणून मी दोन किलो गूळ वरून मंजूर केला.

जाणकार वाचकांना काय तयार होणार ते इथेच कळलं असेल. मला कळलं नाही. मी आयुष्यात थेंबाला शिवलेलो नाही. निर्व्यसनी माणसाचं हे असं नुकसान होतं!

पहिला हप्ता मी डिसेंबरात बादलीत केला आणि आठ दिवसांनी रोपांना घालायला सुरुवात केली. इस्तारीनं दहा पट पाणी मिसळा म्हटलं होतं. पण औषधात पाणी घालणारा दुकानदार आपल्याला चोर वाटतो, मग मी कशाला घालू? तसंच गच्च ओतायचो. कुंडीत मावेल तेवढं मावायचं, उरलेलं भोकातून खाली गुरुजींच्या बाल्कनीत. तिथे गुरुजी सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घालत असायचे.

"ओ सुरेंद्रभाऊ! तुमचं पानी माह्या कुंड्यांत टपकून राह्यलं! चिकट चिकट हाये जी!"

"खत हाये गुरुजी, खत!"

"तुमचं खत तुमच्या घरात ठेवा ना मंग! मले काऊन देता?"

पंधरा दिवस रोज हीच ओरड. मग एक दिवस ओरड एकदम थांबली. जिन्यात भेटले तर चक्क हसले! माझ्या गोड स्वभावापुढे माणूस किती दिवस टिकणार, असं मी साधनाला सांगितलं. तिनं उत्तरादाखल शिंकून दाखवलं. जिचं नाक अख्ख्या वॉर्डात प्रसिद्ध, त्या बाईला नेमकी महिनाभर सर्दी होती.

पानं काही वाढेनात. पण मी खचणारा नाही. बादलीनं होत नाही ते ड्रमनं होईल! पन्नास लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम आणला, इस्तारीकडून मोहाचं पोतं मागवलं आणि दुसरा हप्ता घातला. चौथ्या दिवशी ड्रम आतून बुडबुड बोलायला लागला. खत जिवंत झालं म्हणून मला कोण आनंद!

आणि मग माझ्या बागेची कीर्ती पसरायला लागली. एका सकाळी पाहतो तो खाली, बरोबर माझ्या बाल्कनीखाली, सुकलू उभा. हा सुकलू पूर्वी पट्टीचा पिणारा. साधनाच्या समितीनं दोन वर्षांपूर्वी त्याची सोडवलेली. तोंड वर, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर शांती.

"काय रे सुकलू?"

"काई नाई भाऊ. तुमचे फुलं पाहून राह्यलो."

फूल सोडा, कळीसुद्धा लागलेली नव्हती. पण एवढ्या भक्तिभावानं कुणी आपल्या कुंड्यांकडे पाहिलं की माणूस हिशेब करत नाही. दुसऱ्या दिवशी तिघं आले, चौथ्या दिवशी सात. सगळे डोळे मिटून फुलं पाहायचे! मी वरून हात हलवायचो, तेही हलवायचे. माळ्याला आणखी काय पाहिजे?

मेळाव्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, मी किरकोळ रजा टाकून घरी होतो. खत गाळायचं होतं. दहाच्या सुमारास खाली शिट्टी वाजली. सुकलूच्या बायकोनं, वच्छलानं, समितीकडे तक्रार केली होती. नवरा चार दिवसांपासून रोज सकाळी आमच्या बिल्डिंगीखाली जातो आणि गाणी म्हणत घरी येतो! एवढा पुरावा समितीला पुष्कळ.

बाया आधी गुरुजींकडे गेल्या. "मी चहाबी बिनसाखरेचा पेतो!" असा त्यांचा आवाज मला ऐकू आला. मग पावलं जिन्यानं वर आली आणि आमच्या दाराशी थांबली.

"सरिता, चुकलं तुहं," हा साधनाचा आवाज. "हे माहं घर हाये."

"बाई, माहं नाक चुकत नाई," साधनाच्या सर्दीमुळे सध्या समितीचं नाक झालेली सरिता म्हणाली.

मी दार उघडलं. माझ्या हातात गाळणी होती.

सरिता नाकाच्या मागे मागे सरळ बाल्कनीत गेली. बाकीच्या तिच्या मागे. ड्रमचं झाकण उघडलं आणि आठही बायांनी एकदम पदर नाकाला लावला. फक्त साधनाचा रुमाल आधीपासूनच तिथे होता.

"सडवा," सरिता म्हणाली. "पक्का आठ दिवसांचा."

"खत हाये हे!" मी ओरडलो. "इस्तारीनं सांगतलं! जीवामृत!"

"जीवामृतात शेन असते," वच्छला म्हणाली. "शेन कुठी हाये?"

"शेन... काटलं."

"गोमूत्र?"

"तेबी काटलं."

"बेसन?"

"त्याची भजी केली."

"मंग राह्यलं काय, भाऊ? मोह, गूळ अन् पानी! आमच्या घरी यालेच दारू म्हनत होते!"

मी साधनाकडे पाहिलं. सात वर्षं तिनं लोकांच्या घरांतली मडकी फोडली होती, शिव्या खाल्ल्या होत्या, आणि सत्काराला दोन दिवस उरले असताना तिच्याच घरात पन्नास लिटर! बावीस वर्षांत तिची मला भीती पुष्कळदा वाटली आहे. त्या दिवशी मात्र भीती वाटली नाही, फार वाईट वाटलं.

"तुह्यासाठीच केलं," मी हळूच म्हणालो.

"माह्यासाठी? दारू?"

"गुलाब! परवाच्या सत्काराले तुह्या हातात द्याचा होता. घरचा. खरा."

आठ माना कुंड्यांकडे वळल्या. तीन काड्या आणि बारा पानं. मी मोजून ठेवली होती म्हणून बारा. नीट पाहिलं असतं तर अकरा भरली असती.

"येवढ्यासाठी पन्नास लिटर?" कुणीतरी म्हणालं.

मग वच्छलाच पुढे आली. "जाऊ द्या बाई. घरचाच मानूस हाये. येडेपनानं केलं. आमी कोनाले सांगत नाई."

साधनानं पदर खोचला.

"सुकलूच्या घरी फोडलं तवा तू काई म्हनली होती का, वच्छला? नियम सगळ्याइले सारखा."

आणि तिनं काठी उगारून ड्रमवर हाणली! ड्रम प्लास्टिकचा. काठी उसळून परत आली. दुसरी हाणली, तीही परत. समितीला मडकी फोडायची सवय. असा न फुटणारा गुन्हेगार त्यांनी पाहिलाच नव्हता. शेवटी तिघींनी मिळून तो बाथरूममध्ये नेऊन उलटा केला. पण फोटोचं काय? समितीच्या फोटोत फुटलेलं मडकं लागतं! सरितानं इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या तिन्ही कुंड्या फोडल्या. मातीच्या होत्या, एका फटक्यात फुटल्या. फोटो चांगला आला, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं.

समितीच्या नियमाप्रमाणे पहिल्या गुन्ह्याला शपथ असते, तीही जाहीर. रविवारी चारशे बायांसमोर मी हात वर करून स्टेजवर उभा राहिलो आणि म्हणालो, "मी सुरेंद्र, घरात मोह ठेवणार नाही, सडवणार नाही, झाडालाही पाजणार नाही!" शेवटचं वाक्य साधनानं खास माझ्यासाठी घातलं होतं.

सूत्रसंचालन करणारी बाई माईकवर ओरडली, "ज्यांनी सोताच्या नवऱ्यालेबी सोडलं नाई, त्या साधनाबाई!" टाळ्या थांबता थांबेनात! सात वर्षांत झालं नव्हतं तेवढं साधनाचं नाव माझ्यामुळे एका दिवसात झालं. पण याबद्दल कुणी माझे आभार मानले नाहीत.

मग सत्काराला वॉर्डातले ज्येष्ठ नागरिक म्हणून गुणवंतराव गुरुजी स्टेजवर आले. त्यांच्या हातात गुलाब होते. बटणाएवढे नव्हेत, वाटीएवढे! गर्द लाल, एकात एक पाकळ्या, बारा फुलांचा गुच्छ! चारशे बायांनी "अगोबाई!" केलं.

"गुरुजी, कोनतं खत देता?" माईकवालीनं विचारलं.

"काई नाई जी," गुरुजी लाजून म्हणाले. "नुसतं पानी. बाकी वरतून कृपा हाये."

माझा हात अजून वरच होता. खाली घ्यायला कुणी सांगितलंच नव्हतं.

साधनानं गुच्छ घेतला आणि नाकाशी नेला. सर्दी आदल्याच दिवशी गेली होती. तिनं एकदा हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं. मग गुरुजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, बाईला सत्काराचं भरून आलं. घरी आल्यावर तिनं प्लास्टिकचा गुलाब काढून ठेवला आणि त्या फुलदाणीत एक खरा लावला. रात्रीच्या जेवणात भजी होती.

आठ दिवसांनी मी मागच्या बाल्कनीत फुटक्या कुंड्यांची माती गोळा करत होतो. खालून ओळखीची हाक आली.

"ओ सुरेंद्रभाऊ! हाय का घरी?"

"हाव गुरुजी. बोला."

"काऊन जी, तुमचं टपकनं बंद झालं? माह्या कळ्या मान टाकून राह्यल्या ना!"

मी हातातली माती खाली ठेवली. आणि स्टेजवर केला होता तसा हात वर केला.