पट्ट्याचं दुसरं टोक

माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षर वेडंवाकडं, तेवढं सांभाळून घ्या. शेजारच्या स्तोयनाबाईंनी मात्र अक्षराकडे बघितलंच नसतं. कागद उलटा करून पेनाचे वळ बघितले असते.

त्यांना कापडाची पाठ बघायचा नाद आहे. मी परदेशात, इथे मनुरेवाला मुलाकडे राहायला आले, त्याच आठवड्यात कुंपणापाशी त्यांनी न विचारता माझा पदर हातात घेतला आणि उलटा केला. "मशीन," म्हणाल्या आणि सोडून दिला. मग साडीला कुठे शिवणच नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "नुसतं कापड? आळशी बाया." पोस्टमनच्या जाकिटाचा काठसुद्धा त्यांनी उलटून बघितलाय. माझा मुलगा महेश त्या दिसल्या की शर्ट आत खोचतो.

बाई मूळच्या मॅसिडोनियाच्या. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, म्हणून जमतं.

ऊन पडलं की त्या गावाकडचा पोशाख दोरीवर घालतात आणि हातात जँडल, म्हणजे इथली स्लीपर, घेऊन साळुंक्या हाकलत बसतात. जाड पांढरा झगा. बाह्या आणि घेर लाल-काळ्या लोकरीने इतके गच्च भरलेले की सुई शिरायला जागा नाही. लग्नाआधी त्यांनीच भरलेला. पाठ पुढच्या बाजूइतकीच साफ, हे त्या मला दर वेळी दाखवतात.

"ईस्टरला चर्चमध्ये घाला की," मी म्हणायची.

"जड आहे."

पुढच्या वर्षी विचारलं तर, "गरम होतं." इथले ऋतू उलटे, ईस्टरला थंडी सुरू झालेली असते. त्या करड्या स्वेटरमध्ये जायच्या आणि आल्यावर दिवसभर साळुंक्यांवर राग काढायच्या.

यंदा ईस्टरच्या आदल्या दिवशी पोशाखाचा काळा लोकरी पट्टा दोरीवर होता. माझ्या आईच्या नऊवारीपेक्षाही लांब. त्याचं टोक ओल्या गवतात पडलं, मी उचललं.

"हात नको," त्या ओरडल्या.

पण साडीची घडी घालताना समोरचीबरोबर टोक ताणून धरायची सवय. माझ्या हातांनी तो ताणलासुद्धा. बाईंची उगारलेली जँडल हातातच राहिली.

सकाळी दार वाजलं. अंगात झगा, हातात पट्टा.

"धर."

त्यांच्याकडची रीत अशी, की एकीने टोक ताणून धरायचं आणि नेसणारीने स्वतःभोवती फिरत तिच्याकडे यायचं. गावी बहीण धरायची, शेवटचं टोकही तीच खोचायची. ती गेली.

"दाराच्या मुठीला बांधून बघितला," त्या म्हणाल्या. "दार ओढत नाही."

मी हॉलच्या टोकाला उभी राहिले. महेशने सोफ्यावर पाय वर घेतले. बाई गिरक्या घेत निघाल्या.

"सैल. चहा घेतला नाहीस का?"

मी जोर लावला. प्रत्येक फेऱ्याला त्या जवळ येत होत्या. हातभर राहिल्या, मग वीतभर. शेवटचं टोक खोचायचं तेवढं उरलं. मी ते पुढे केलं.

त्यांनी घेतलं नाही. दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या.

मी टोक खोचलं. बाहेर चर्चची गाडी हॉर्न वाजवत होती. बाई हात खाली घेईनात.