न उघडलेल्या खोक्याचे गुण

वस्तूचा दर्जा ती वापरल्यावर कळतो, असा एक गैरसमज समाजात खोलवर रुजला आहे. तो दूर करण्यासाठी आमचे परीक्षण मंडळ झटत असते. सिनेमातल्या पात्रांच्या ज्या ॲक्शन फिगर लोक हौसेने जमवतात (त्यांना ‘बाहुले’ म्हणणाऱ्या सभासदाला पुढच्या बैठकीत चहा मिळत नाही), त्यांची प्रतवारी आम्ही करतो. सर्वोच्च श्रेणी ‘अस्पर्श’. त्यासाठी एकच अट, खोके कधीही उघडलेले नसावे.

खोके बंद असल्यामुळे परीक्षण फारच अचूक होते. कोपरे ठेचले नाहीत ना, हे मंडळातले दातांचे डॉक्टर आपल्या चिमुकल्या आरशाने पाहतात. झग्याची शिवण निवृत्त शिंपी प्लास्टिकच्या खिडकीला नाक लावून तपासतात. गुडघे वाकतात की नाही हे कळायला मार्ग नाही, म्हणून गुडघ्यांना पूर्ण गुण. पाठ दिसतच नाही, म्हणून पाठीलाही पूर्ण. आजवर एकाही फिगरची पाठ नापास झालेली नाही, हे नमूद करताना मंडळाला अभिमान वाटतो.

गेल्या रविवारी माझ्या मेहुण्यांच्या घरी तपासणी होती. त्यांच्याकडे फिगर एकच. लग्नानंतर त्यांनी आणि ताईने मिळून पाहिलेल्या पहिल्या सिनेमाचा नायक, निळ्या झग्यातला. पाठीवरचे बटण दाबले की तो सिनेमातले शेवटचे वाक्य म्हणतो, असे खोक्यावर छापले आहे. ‘अस्पर्श’ श्रेणीसाठी मेहुण्यांचा जीव असा टांगणीला लागला होता, की आठवडाभर त्या कपाटाजवळ त्यांनी कुणाला शिंकू दिले नाही.

आवाज हा विभाग माझ्याकडे होता. मी खोक्याला कान लावला. शांतता उत्तम प्रतीची होती, कुठे खरखर नाही. पूर्ण गुण दिले.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली.

“काय म्हणतो हो हा बाहुला?” (चहा तिनेच केलेला असल्याने शिक्षा अमलात आणता आली नाही.)

“म्हणत नाही. म्हणू शकतो,” मेहुणे म्हणाले.

“बरं, काय म्हणू शकतो?”

मेहुण्यांना आठवेना. “तुला आठवतं?”

“मला चांगलं आठवतं. पण एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. इतकी वर्षं पुसतेय मी ते खोकं.”

मेहुण्यांनी आमच्याकडे पाहिले, खोक्याकडे पाहिले, मग ताईकडे. आणि कोणत्याही नियमात न बसणारी गोष्ट त्यांनी केली. नखाने चिकटपट्टी उचकटली. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

बटण दाबले. नायक गप्प. पुन्हा दाबले, तरी गप्प. पाठीचे झाकण काढले, तर आतला सेल केव्हाच गळून सगळीकडे हिरवट चिकटा झाला होता. निदान उभा तरी करावा म्हणून गुडघा सरळ केला, तो पायच हातात आला.

मेहुणे मटकन खाली बसले. मला खरोखर वाईट वाटले. ताईने त्यांच्या हातातून तो पाय काढून घेतला, जमेल तितका आवाज जाड केला आणि म्हणाली, “चल, फार उशीर झाला. घरी जाऊ.”

मेहुणे आधी हसले. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

मंडळाने जागच्या जागी निर्णय दिला. खोके उघडल्यामुळे फिगर बाद. (पाठीचे गुण मात्र कायम, कारण ते नियमानुसार दिले होते.) ताईच्या आवाजाला गुण देण्याची तरतूद नाही, म्हणून ते देता आले नाहीत.

वाचकांनी आमच्यावर खुशाल हसावे. हसून झाले की आपापल्या घरी नजर टाकावी. पाहुण्यांसाठी राखलेले कप आम्ही मोजणार नाही, ती फार खालची श्रेणी झाली. पण घरातल्याच एखाद्या माणसाला योग्य वेळ आली की म्हणायचे, म्हणून एक वाक्य तुम्ही वर्षानुवर्षे जपून ठेवले असेल. ते अजिबात उघडू नका. ‘अस्पर्श’ श्रेणी तुमचीच, याबद्दल मंडळाला तिळमात्र शंका नाही.