दत्तूअण्णांची कात्री

दत्तूअण्णा फोटो काढायला निघाले की एखाद वेळ कॅमेरा विसरतील, पण काळा कोट विसरणार नाहीत. हुबळीच्या दाजीबानपेठेत हमालापासून फुलवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या अंगात हा एकच कोट चढलेला आहे. खाली गुडघ्यापर्यंत धोतर आणि अनवाणी पाय, वर बॅरिस्टर! मग छापलेल्या फोटोवर अण्णांची कात्री चालायची. पाय गेले, टोपली गेली, गटार गेलं. "कड कापली की माणूस साहेब होतोय बघ," असं त्यांचं ठाम मत.

मला ते मुळीच मान्य नाही. ज्या टोपलीवर माणूस जगतो, तीच लपवायची? हा कष्टकऱ्यांचा अपमान आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. आमच्या कष्टकरी समितीचं पत्रकही हातात दिलं. त्यांनी त्याची गुंडाळी करून फोटो धुण्याच्या औषधाच्या बाटलीला बूच म्हणून लावली.

"कागद चांगला वापरता की रे तुम्ही," म्हणाले. "हे बघ बाबा, फोटो भिंतीवर जातो. भिंतीवर लिंबं कोण लावतंय?"

लिंबांचा विषय निघाला तो फकीरप्पामुळे. हा पेठेच्या कोपऱ्यावर लिंबं विकतो. त्याच्या पाठीमागे आता तीन मजली कापडाचं दुकान उभं आहे, आणि मालकाला दारात लिंबं नकोत. "हा परवा येऊन बसलाय," अशी त्यानं महापालिकेत तक्रार केली. साहेबानं फकीरप्पाला सुनावलं: जुना पुरावा आण, नाहीतर ऊठ. त्या जागेवर माणसाचे केस पिकले, तो पुरावा नव्हे काय?

फकीरप्पाकडे होता एक फोटो, अण्णांनी काढलेला, तरुणपणीचा. आम्ही तो साहेबापुढे ठेवला. काळा कोट, पुढे काढलेली छाती, आणि आजूबाजूला काहीही नाही.

साहेब म्हणाला, "हे वकील कोण?"

मी तडक अण्णांचा स्टुडिओ गाठला. "तुमच्या कात्रीनं फकीरप्पाची जागा कापली!"

"निगेटिव्ह आहे की," अण्णा म्हणाले. "पण अख्खा फोटो छापणार नाही."

"का?"

"बिडो! सोड म्हटलं की. कड चांगली दिसत नाही."

मी भाषण सुरू करणार, एवढ्यात फकीरप्पा जिना चढून दारात उभा राहिला. हातातली टोपी चुरगाळत कन्नडमध्ये इतकंच म्हणाला, "जागा चालली, अण्णा."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते अंधाऱ्या खोलीत शिरले.

बाहेर आले ते ओला फोटो घेऊन. मधोमध कोटातला फकीरप्पा. मागे, तीन मजले उठण्याआधीचं, पत्र्याचं जुनं दुकान. हाच तर पुरावा! आणि पार कडेला लिंबांची टोपली, एका बाईच्या हातात. पदर खोचलेला, आणि फकीरप्पाचा थाट बघून हसू फुटलेलं.

"या कोण?"

"आमच्या घरातली," अण्णा म्हणाले. "गिऱ्हाइकाची टोपली हीच धरायची. म्हणायचो, थांब ग, रीळ उरलं की तुझा काढतो." मग उगाच कोटावरची धूळ झटकत बसले. "रीळ कुठं उरतंय रे?"

बाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. अख्ख्या पेठेच्या भिंती भरणाऱ्या माणसाची स्वतःची भिंत रिकामी आहे, हे मला तेव्हा दिसलं.

साहेबानं फोटो पाहिला, दुकान ओळखलं. फकीरप्पा आहे तिथंच आहे. निकालानंतर अण्णांनी तो फोटो मात्र परत मागून घेतला.

बाजाराचा खरा इतिहास लोकांपुढे मांडावा म्हणून मी प्रत मागायला गेलो. टेबलावर कात्री होती. कोट, छाती, पत्र्याचं दुकान, सगळं कापून बाजूला पडलेलं. भिंतीवर नवी चौकट, आणि तिच्यात बोटभर रुंदीची कड: हसणारी बाई आणि टोपली.

"अण्णा, भिंतीवर लिंबं?"

"असू दे की," अण्णा म्हणाले. "तिच्या हातात आहेत."