दत्तूमामांची करपलेली कॉफी

दत्तूमामा कॉफी भाजायला बसले की आमच्या आळीत कुणी कुकर लावायचा नाही. शिट्टीत त्यांना बियांची तडतड ऐकू येत नाही. दौंडमध्ये राहून शिट्टीचा त्रास व्हावा, आणि तोही जन्मभर रेल्वेत गार्ड असलेल्या माणसाला, हे नवलच. पण आम्ही मुकाट ऐकतो. अख्ख्या तालुक्यात घरी कॉफी भाजणारा दुसरा कुणी नसावा आणि हा माणूस आमच्या आळीतला आहे.

कच्च्या बिया दक्षिणेकडच्या गाडीवरचा जुना सोबती आणून देतो. मूठभर बिया बिडाच्या तव्यावर टाकून मामा अंगणातल्या चुलीपाशी उकिडवे बसतात. तडतड सुरू झाली की बोट वर करतात. "सिग्नल पडला." मग तवा खाली आणि बिया सुपात. पाखडताना फोलपटं शेजारच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर उडतात. कुणी कुरकुरलंच तर म्हणतात, "कॉफीची हायती, नशीब समजा." वर, आपल्या हातून आजवर एक बी करपलेली नाही, हेही ऐकवतात.

सूप आधी मामींच्या नाकाखाली जातं. पूर्वी त्या नुसत्या वासावरून कच्ची की पक्की ते सांगायच्या. मोठ्या तापानंतर वासच गेला. फोडणी, उदबत्ती, काही कळेना. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. मामी नवऱ्याचं मन राखायला "छान झालीय" म्हणतात आणि मामा चिडतात. "छान ऱ्हाऊ दे. वास आला का?" मामी नकारार्थी मान हलवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटते.

परवा केडगावचे व्याही आले होते. त्यांना स्वतःची कीर्ती सांगण्यात मामा इतके रंगले की तवा धुरकटला तरी त्यांना पत्ता नाही. मी बघत होतो, पण मामांना कोण शिकवणार?

तेवढ्यात आतल्या खोलीत तांदूळ निवडणाऱ्या मामींचा आवाज आला. "अवो, करपतंय."

मामा तवा सोडून दाराकडे बघत राहिले. "कशावरनं म्हंतीस?"

"वास येतोय न्हवं."

व्याही घाईनं तवा उतरवायला गेले. मामांनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या पाव्हनं. आनखी करपू द्या."

त्या दिवशी ती काळीठिक्कर कॉफी मामांनी स्वतः घरोघर पोचवली. कडू जहर होती, पण कुणी नावं ठेवली नाहीत. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही मामांना सुचत नव्हतं. ताठ मानेनं दारोदार सांगत होते, "करपलीय. आमच्या हिनं वासावरनं वळखलं."