सबनीसांचे झुलते पूल

नाल्यावरचा पादचारी पूल दिसला की सबनीस मधोमध थांबून उड्या मारायचे. पंचाहत्तरीचा माणूस, तोंडाला मास्क, पायात चपला. एकदा कुत्रं फिरवणाऱ्या बाईने काळजीने विचारलं, "यू राइट, मेट?" सबनीस उडी न थांबवता म्हणाले, "नो वरीज! टेस्टिंग!" मग माझ्याकडे वळून, "मेलेला आहे, कुलकर्णी. जिवंत पूल हलतो."

वेंटवर्थव्हिल या आमच्या परदेशातल्या उपनगरात लॉकडाऊनमध्ये फिरायला मला हाच सोबती. नोकरीभर पुण्यात पूल बांधलेले, पण जीव जडला होता तो स्कॉटलंडच्या खेड्यांतल्या पहिल्यावहिल्या झुलत्या पुलांवर. लोकरीच्या गिरणीवाल्याने ओढ्यावर टाकलेला तारेचा पूल; ट्वीड नदीवरचा, वादळात कोसळलेला आणि पुन्हा उभारलेला साखळ्यांचा पूल. घरच्या मुलांबद्दल बोलावं तसं ते बोलत. "पहिला जरा अशक्त निघाला हो."

त्यांची बायको सुमनताई पुण्यात अडकली होती, सीमा बंद. गणपतीत मराठी मंडळाच्या झूमवर बोलायला सबनीसांनी माझ्याकडे, म्हणजे सेक्रेटरीकडे, पंधरा मिनिटं मागितली.

"सुमन ऐकणार आहे. स्कॉटलंडला अशाच एका पुलावर ती मधोमध असताना मी गंमत म्हणून पूल हलवला. ती रडत खाली बसली आणि मी हसत सुटलो. त्याची माफी मागायचीय."

"मग फोनवर मागा की!"

"फोनवर ती बोलू देते होय? गोळी घेतली का, डबा घासला का. झूमवर ऐकून तरी घेईल."

बोलताना व्यत्यय नको म्हणून सबनीस कानातलं यंत्र काढून ठेवत. तसं ते काढून त्यांनी सुरुवात केली, ती लोखंड वितळवण्यापासून. तासाभराने साखळीची पहिली कडी तयार झाली. अंताक्षरीवाले चॅटमध्ये माझ्यावर ओरडू लागले. "आता आणखी एका पुलावर येतो," सबनीस म्हणाले आणि मी वैतागून त्यांना म्यूट केलं.

अंताक्षरी सुरू झाली. एका चौकोनात सबनीसांचे ओठ हलतच होते. मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, हात जोडले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तो आणखी एक पूल सुमनताईंचा होता. पण तोवर चौकोन बंद झाला होता.

सबनीस वारल्यावरही मंडळात हा किस्सा सांगतात, ते स्वतःच म्यूट होऊन बोलत बसले म्हणून. खोटं आहे ते. बटण मी दाबलं.

त्या झूमच्या दुसऱ्या दिवशी ते फिरायला आले तेच हसत.

"सुमनचा फोन आला होता. शब्द न् शब्द ऐकला म्हणाली. म्हणे, एवढं काय मनावर घेता, मी कधीच माफ केलंय."

मी मास्क उगाचच वर ओढला.

"माझा आवाज नीट येत होता ना हो, कुलकर्णी?"

"अगदी स्पष्ट," मी म्हणालो.